चिठ्ठीवर शेवटची तारीखही लिहा : फॅमिली डॉक्टरांना एका केमिस्टचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले सगळे फॅमिली डॉक्टर
(एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, ज्यांच्या चिठ्ठ्या माझ्यासारख्याच्या काउंटरवर येतात ते सगळे)

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोरच्या रांगेत माझं मेडिकल आहे. सव्वीस वर्षं झाली. तुमचं अक्षर मला तुमच्या घरच्यांपेक्षा बरं लागतं, एवढीच माझी लायकी. तेव्हा हे पत्र कुणाला शिकवण्यासाठी लिहिलेलं नाही. काउंटरच्या अलीकडून जे दिसतं ते तुम्हाला तुमच्या खुर्चीतून दिसत नसेल, म्हणून लिहितोय.

मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी एक आजी आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी रिकाम्या स्ट्रिपचा एक तुकडा काढला. कात्रीने कापलेला, घड्या पडून पांढरा झालेला, नाव अर्धंच उरलेलं. "ही दे चार."

गोळी पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोनची, म्हणजे पित्ताची. मी सहज विचारलं, कधीपासून घेताय?

"नातवाच्या बारशापासनं."

"नातू केवढा आता?"

"औंदा सातवीत गेला."

कशासाठी चालू केली होती, तर गुडघे दुखायचे म्हणून डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, 'त्याच्यासंगं' ही. गुडघ्याच्या गोळ्या पाच दिवसांत संपल्या. संगतीला दिलेली बारा वर्षं चालू आहे. घेता कधी, तर "च्या-बटर झाल्यावर". सोडून बघितली का, तर "सोडली की घशाशी येतंय की रं."

रोज घेत नाहीत, पैसे असतील तशा घेतात. निम्मेच दिवस धरले तरी बारा वर्षांत दोन हजारांच्या वर कॅप्सूल होतात. आजच्या भावाने एक कॅप्सूल दहा-बारा रुपयांना पडते. म्हणजे वीस-पंचवीस हजार रुपये, चार-चार कॅप्सूल करून, पदराच्या गाठीतून गेलेले.

आता माझाही गुन्हा सांगून टाकतो, नाहीतर पुढचं लिहायचा मला अधिकार नाही. पॅन्टोप्राझोल शेड्यूल एच मध्ये येतं, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. मी दिलं. त्या दिवशीही दिलं आणि आधीही दिलं असणार. 'पित्ताची गोळी द्या' म्हणणारं गिऱ्हाईक परत पाठवलं तर ते चार पावलांवरच्या दुसऱ्या दुकानातून घेतं. हे कारण खरं आहे आणि लंगडंही आहे. मात्र त्या आजींची पहिली चिठ्ठी कुणातरी डॉक्टरांची होती, आणि तिच्यावर गोळी कधी थांबवायची ते लिहिलेलं नव्हतं. आम्ही फक्त तीच चिठ्ठी बारा वर्षं पुढे ढकलत राहिलो.

माझं म्हणणं एवढंच आहे. जळजळीची गोळी लिहिताना ती कुठल्या दिवशी थांबणार तेही लिहा. या रोगाच्या औषधोपचाराचा खर्च कुठली गोळी निवडली यापेक्षा ती किती दिवस चालली यावर जास्त ठरतो. परदेशात यावर नीट हिशेब मांडलेत. आपल्याकडे ते चर्चेत फारसे येत नाहीत, कारण आपल्याकडे चर्चा म्हणजे एमआरची, औषध कंपनीच्या प्रतिनिधीची, पंधरा मिनिटं.

थोडं मागे जातो. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये पोटातलं आम्ल कमी करणारं सिमेटिडीन आलं. त्यामागच्या कामासाठी जेम्स ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं. मग १९८१ मध्ये रॅनिटिडीन आलं. आमच्या पिढीतल्या केमिस्टांनी आयुष्यात सगळ्यात जास्त मोजलेली गोळी तीच असेल. १९८८ मध्ये स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रा कंपनीचं ओमेप्राझोल आलं आणि चित्रच पालटलं, कारण आम्ल तयार करणारा पंपच बंद करणारं ते पहिलं औषध. त्याचं पेटंट संपत आलं तेव्हा त्याच रेणूच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन प्रकारांपैकी एक वेगळा काढून एसोमेप्राझोल म्हणून नव्या नावाने, नव्या किमतीने बाजारात उतरवला गेला. २००१ मध्ये तो अमेरिकेत पोचला. नव्याने जुन्यापेक्षा किंमत वसूल होईल इतका फायदा होतो का, हा वाद तेव्हा सुरू झाला आणि मिटला नाही. बहुतेक रुग्णांच्या जळजळीला सारख्या ताकदीच्या डोसात ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल ही भावंडं जवळपास सारखंच काम करतात. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २००० सालीच सांगून टाकलं होतं की या गटातलं जे योग्य आणि सगळ्यात स्वस्त असेल ते वापरा.

नाइसचं कामच हे : सरकारी पैशाचा एक पौंड कुठे टाकला तर रुग्णाच्या वाट्याला जास्तीत जास्त बरं आयुष्य येईल ते मोजायचं. आपल्या केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखालीही अशा मोजमापासाठी एचटीएआयएन नावाची यंत्रणा आहे. या हिशेबात स्वस्त म्हणजे चांगलं असं नसतं. दहा पैशाची गोळी जळजळ थांबवत नसेल आणि माणूस रात्रभर उठून बसत असेल, तर ती महागच. उलट दहा रुपयांच्या गोळीने आठ आठवड्यांत अन्ननलिकेचे व्रण भरले, तर ती स्वस्त. पण तीच दहा रुपयांची गोळी काही आजार नसताना बारा वर्षं घेतली तर तिला काय म्हणायचं? त्या हिशेबात तिला रकानाच नाही.

मग उपचार कुठून सुरू करायचा? दोन रस्ते आहेत. एक खालून वर जाणारा : आधी अँटासिड, नाही जमलं तर फॅमोटिडीनसारखं एच-टू (सिमेटिडीन-रॅनिटिडीनच्या) गटातलं, तेही नाही जमलं तर प्राझोल. दुसरा वरून खाली येणारा : आधी प्राझोलने जळजळ पुरती आटोक्यात आणायची, मग पायऱ्या उतरायच्या. नेदरलँड्समध्ये फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतच याची परीक्षा झाली. अपचन-जळजळीची नव्याने तक्रार घेऊन आलेले ६६४ रुग्ण, दर चार आठवड्यांना एक पायरी. २००९ मध्ये ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सहा महिन्यांनंतर खालून वर गेलेल्यांपैकी ७२ टक्के बरे, वरून खाली आलेल्यांपैकी ७० टक्के. म्हणजे फरक नाहीच. सरासरी वैद्यकीय खर्च मात्र एकीकडे २२८ युरो आणि दुसरीकडे २४५. खालून वर जाणारा रस्ता स्वस्त ठरला, आणि तोही मुख्यतः औषधाच्या किमतीमुळे.

आता कुणी म्हणेल, झालं तर, आपणही अँटासिडपासून सुरू करू. मला ते पटत नाही. सतरा युरोंचा तो फरक तिथल्या, तेव्हाच्या गोळीच्या भावातून आलेला. आमच्या गावात उलटं आहे. तुमची फी दीडशे-दोनशे, वाडीवरून यायचं-जायचं एसटीचं भाडं, आणि शेतमजुराची बुडलेली हजेरी. हे मिळून एका खेपेला पाच-सहाशे रुपये सहज जातात. जेनेरिक प्राझोलचा महिनाभराचा डोस त्याच्या पाव किमतीहूनही कमीत येतो. दर पायरीला एक खेप घालायला लावणारा रस्ता इथे औषधात वाचवून एसटीत घालवेल. त्यात रॅनिटिडीनची पायरी आता डळमळलेली. त्यात एनडीएमए ही अशुद्धी सापडल्यावर एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ते बाजारातून काढायला सांगितलं, आणि आपल्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते गेलं. फॅमोटिडीन आहे, स्वस्तही आहे, पण रोज घेतलं तर दोनेक आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो.

म्हणून मला वाटतं आपल्याकडे सुरुवात प्राझोलनेच करावी. साधी, एकच औषध असलेली गोळी, दिवसातून एकदा, बरोबर वेळेला, चार ते आठ आठवडे, आणि मग उतरण. ही उतरणच आपल्याकडे होत नाही. चढून माणूस गच्चीवर जातो आणि आपण शिडी काढून घेतो.

आकडे मांडून दाखवतो. हिशेबाला सोपं म्हणून ब्रँडची गोळी दहा रुपयांना आणि जेनेरिक अडीच रुपयांना धरतो. दुकानागणिक थोडं इकडेतिकडे होईल. आठ आठवड्यांचा पुरा कोर्स : ब्रँडमध्ये ५६० रुपये, जेनेरिकमध्ये १४०. वर्षभर रोज : ३,६५० आणि ९१२. आता कोर्सनंतर फक्त त्रास होईल तेव्हा घ्यायची, आठवड्याला तीन लागतात असं धरलं, तर वर्षाचे १,५६० आणि ३९०. वर्षाचा पहिला आकडा आणि शेवटचा आकडा बघा. ३,६५० कुठे, ३९० कुठे. ब्रँड बदलून रुपयातले बारा आणे वाचतात हे सगळ्यांना माहीत असतं. ब्रँड न बदलता नुसतं 'रोज'चं 'लागेल तेव्हा' केलं तरी निम्म्याहून जास्त वाचतात, हे कुणी मांडून बघत नाही. आणि अन्ननलिकेला व्रण नसलेल्या रुग्णाला लागेल तेव्हा गोळी हा काही गरिबांसाठी काढलेला जुगाड नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो आहे : धोक्याची लक्षणं नसतील तर आठ आठवडे रोज एकदा, जेवणाआधी, बरं वाटलं की थांबवून बघा. नाइसच्या २०१४ च्या सूचनेतही चार किंवा आठ आठवडे, नंतर कमीत कमी डोस, आणि वर्षातून एकदा 'अजून लागते का' ही विचारपूस.

ही गोळी उतरवता येते का, ही शंका रास्त आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयात हे करून बघितलं होतं. २००१ मध्ये ते छापून आलं. प्राझोलवर जळजळ आटोक्यात असलेले ७१ जण. डोस हळूहळू निम्मा करत बंद केला. वर्षानंतर ५८ टक्के लोक प्राझोलशिवाय ठीक होते. बरेचसे एच-टूच्या गोळीवर आले, १५ टक्क्यांना काहीच लागलं नाही. उरलेल्या ४२ टक्क्यांना प्राझोल परत लागलं, म्हणजे त्यांना ते खरंच हवं होतं. त्यांना ते विनातक्रार द्यावं. पण कोण कुठल्या गटातलं हे थांबवून बघितल्याशिवाय कळायचं कसं?

'सोडली की घशाशी येतंय' या आजींच्या वाक्यावर मला जरा थांबायचंय, कारण तो अनुभव माझाही आहे.

मी स्वतः सहा वर्षं ही गोळी घेत होतो. दुकानातलीच, फुकटची. रात्री दहाला शटर ओढायचं, साडेदहाला जेवायचं, अकराला आडवं व्हायचं. आंबट ढेकर येणारच. एकदा ठरवलं, बंद. तिसऱ्या दिवशी छातीत अशी आग पडली की मी ईसीजी काढून आलो. ईसीजी ठीक निघाला. दुसऱ्या सकाळी गोळी घेतली, आराम पडला, आणि मनाशी पक्कं केलं : आपल्याला ही जन्मभर लागणार.

मग पुष्कळ दिवसांनी डेन्मार्कमधल्या एका अभ्यासाबद्दल वाचनात आलं. २००९ चा आहे. ज्यांना जळजळीचा काहीच त्रास नव्हता अशी १२० धडधाकट माणसं घेतली. निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल ४० मिलिग्रॅम आणि पुढे चार आठवडे नुसती साखरेची गोळी. निम्म्यांना बाराही आठवडे साखरेची. औषध थांबल्यावर पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी, अपचन असलं काहीतरी सुरू झालं. दुसऱ्या गटात १५ टक्के. म्हणजे मुळात निरोगी असलेल्या माणसांना गोळी सुटल्यामुळे आजार झाला. पंप बरेच दिवस दाबून ठेवला की पोट आम्ल बनवायची तयारी वाढवून बसतं, आणि झाकण उघडलं की उतू जातं. काही आठवड्यांत ते आपोआप शांत होतं. पण त्या काही आठवड्यांत रुग्णाला वाटतं रोग उसळला. तो आमच्याकडे येतो, आम्ही स्ट्रिप कापतो.

हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर ईसीजीचे पैसे वाचले असते. मी मग एक दिवसाआड केली, पुढे तीन दिवसांनी. जळजळ झाली तर अँटासिडचे दोन चमचे. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली एकेक वीट लावली, डाव्या कुशीवर झोपायला लागलो, जेवण दुकानातच आठ वाजता उरकायला लागलो. बायको म्हणाली, घरात पलंगाला विटा लावणारा तू पहिलाच. दीड महिना लागला. आता महिन्यातून चार-पाच वेळा लागते, लग्नसराईत जास्त.

डॉक्टर, बंद करताना काही दिवस जास्तच जळजळेल, घाबरू नका, हे वाक्य बोलायला दहा सेकंद लागतात. ते तुमच्या तोंडून आलं पाहिजे. मी सांगितलं तर गिऱ्हाईकाला वाटतं हा माणूस धंदा का बुडवतोय, काहीतरी भानगड असणार.

दुसरी गोष्ट वेळेची. पंप चालू असतो तेव्हाच हे औषध त्याला पकडतं, आणि पंप चालू होतो जेवणाने. म्हणून उपाशीपोटी, जेवणाच्या अर्धा-एक तास आधी. तुमच्या चिठ्ठीवर १-०-० असतं. आजी ते चहा-बटरनंतर घेतात, गवंडीकाम करणारा माणूस दुपारच्या भाकरीनंतर घेतो, आणि मास्तर रात्री झोपताना घेतात कारण त्यांना रात्री जळजळतं. औषध लागू पडत नाही. मग तुमच्याकडे येतात, तुम्ही १-०-१ करता किंवा महागातलं लिहिता. खर्च दुप्पट झाला आणि चूक तशीच राहिली. 'सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या अर्धा तास आधी' एवढं मराठीत लिहा. आमच्याकडे चहा उठल्या उठल्याच होतो, म्हणून चहाचा उल्लेख हवाच. नुसतं 'जेवणाआधी' म्हटलं की लोक चहा धरत नाहीत.

तिसरं, ते 'डी'. डॉम्पेरिडोन. माझ्या दुकानात साध्या पॅन्टोप्राझोलच्या एका स्ट्रिपमागे 'डी'वाल्या तीन-चार जातात. उलटी-मळमळ असेल तर त्याला काम आहे. नुसत्या जळजळीला? युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये हृदयाच्या ठोक्यांवरच्या परिणामांमुळे ते मळमळ-उलटीपुरतं ठेवलं, छातीतल्या जळजळीसाठी वापरू नका म्हणाले, दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम आणि शक्यतो एक आठवडाच. आपल्या एका कॅप्सूलमध्येच बहुतेक वेळा ३० मिलिग्रॅम असतं, आणि आजी सत्तरीच्या आहेत. 'डी' वगळून वाचतील ते दोन-तीन रुपये ही छोटी गोष्ट.

'कव्हर'बद्दल, म्हणजे दुसऱ्या गोळ्यांसोबत पोटासाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या या गोळीबद्दल, काय बोलावं? अँटिबायोटिक दिलं की कव्हर. तापाच्या गोळ्या दिल्या की कव्हर. कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स लिहिलं तरी एक कव्हर. पुस्तकांना कव्हर घालावं तसं. आजींचं सगळं इथूनच सुरू झालं. वय झालेल्या माणसाला दुखण्याच्या गोळ्या देताना पोट सांभाळायला प्राझोल देणं बरोबरच आहे, त्या डॉक्टरांचं तिथे काही चुकलं नाही. फक्त दुखण्याची गोळी संपेल त्या दिवशी हीही संपते, हे सांगायचं राहिलं.

माझं हे वाचून कुणी उद्यापासून सरसकट गोळ्या बंद करू नयेत, म्हणून हेही लिहितो. ज्यांच्या दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला मोठे व्रण दिसलेत, ज्यांना बॅरेट्सचं (अन्ननलिकेचं अस्तर बदलण्याच्या आजाराचं) निदान झालंय, ज्यांना आधी अल्सरचा रक्तस्राव झालाय आणि अ‍ॅस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात, त्यांनी ती सोडायची नसते. त्यांच्यासाठी वर्षाचे ३,६५० सुद्धा स्वस्त आहेत, एका रक्ताच्या उलटीनंतरचं आयसीयूचं बिल बघितलं की कळतं. गिळताना अडकणं, काळी शी, वजन उतरणं, रक्त कमी होणं असलं काही असेल तर गोळी राहू दे बाजूला, आधी दुर्बीण. आणि मोबाईलवर फिरतं ना, 'ही गोळी घ्याल तर किडनी जाईल, स्मृतिभ्रंश होईल', तसं घाबरवायचंही मला नाही. किडनीला अचानक इजा होण्याची नोंद आहे, पण ती क्वचित. १७,५९८ रुग्णांना सरासरी तीन वर्षं पॅन्टोप्राझोल किंवा साखरेची गोळी देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत आतड्यांचे संसर्ग तेवढे किंचित वाढले, १.० च्या जागी १.४ टक्के, बाकी काही ठळक निघालं नाही. माझा मुद्दा विषारी गोळीचा नाहीच. नको असलेल्या गोळीचा आहे.

आता नवं वारं वाहतंय व्होनोप्राझानचं, म्हणजे आम्ल कमी करणाऱ्या नव्या गटातल्या औषधाचं. जपानमध्ये २०१५ पासून आहे, आपल्याकडे नुकतंच आलंय. उपाशीपोटी घ्यायची कटकट नाही, परिणाम पहिल्या दिवसापासून, मोठ्या व्रणांना चांगलं. एमआर मंडळी त्याचे पेन वाटून गेलीत, माझ्याही खिशाला एक आहे, छान लिहितं. पण अमेरिकेतल्याच तज्ज्ञांनी २०२४ मध्ये सांगितलंय की जिथे ते जुन्यापेक्षा सरस ठरलेलं नाही तिथे, किंमत बघता, त्याने सुरुवात करू नका. साध्या जळजळीला पहिल्याच चिठ्ठीत ते दिसायला लागलंय, एवढं फक्त नोंदवतो.

तुम्ही म्हणाल, ब्रँड आम्ही लिहितो पण जेनेरिक तुम्ही का देत नाही? कारण देता येत नाही. औषध नियमावलीच्या ६५ व्या नियमात स्पष्ट आहे, शेड्यूल एचच्या चिठ्ठीवर जे नाव आहे त्याऐवजी दुसरं, औषध तेच असलं तरी, केमिस्टने द्यायचं नाही. तुमच्या तेव्हाच्या वैद्यक परिषदेने (एमसीआय) २०१६ मध्ये औषधाचं मूळ नाव, शक्यतो मोठ्या अक्षरांत, लिहायला सांगितलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते सक्तीचं करणारे नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. जेनेरिकच्या दर्ज्याबद्दल तुमच्या मनात धाकधूक असते, ती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आणि आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही : काही जेनेरिकच्या पाकिटावर एमआरपी ब्रँडच्या बरोबरीने छापलेली असते, दुकानदाराला ती पडते दोन रुपयांना, आणि गिऱ्हाईकाला दहा टक्के 'सूट' देऊन वर उपकार. हे होतं. मी करत नाही असं म्हटलं तर माझा शेजारचा दुकानदार हसेल. आता कमी करतो. तुम्ही चिठ्ठीवर 'पॅन्टोप्राझोल ४०' एवढंच लिहिलंत, तर निदान जनौषधीत जायचं की माझ्याकडे यायचं हे रुग्णाच्या हातात राहतं.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून भरतात, हा २०२१-२२ चा सरकारी हिशेब. त्यातला औषधांचा वाटा कसा जातो ते मी रोज बघतो. ऑपरेशनला लोक कर्ज काढतात, ते सगळ्यांना दिसतं. चार-चार गोळ्यांनी जाणारे पैसे कुणाला दिसत नाहीत, घेणाऱ्यालाही नाही.

आजींना त्या दिवशी मी चार कॅप्सूल दिल्या आणि तुमच्यापैकीच एकांकडे पाठवलं. त्यांनी मिश्रीची चौकशी केली (आजी दिवसातून तीनदा लावतात, हे मला बारा वर्षांत सुचलं नव्हतं), रक्त तपासलं, दुर्बिणीची गरज नाही म्हणाले, 'डी' काढलं आणि साधी गोळी लिहिली : दोन आठवडे रोज चहाच्या आधी, दोन आठवडे एक दिवसाआड, मग बंद. खाली तारीख घातली. आजींना वाचता येत नाही, पण तारीख नातवाने वाचली, सातवीतल्या. आता तो रोज विचारतो, आज्जे, आज गोळीचा दिवस का सुट्टीचा?

ती चिठ्ठी बघून मी एक रबरी शिक्का करून घेतलाय. 'ही गोळी ........ पर्यंतच. नंतर डॉक्टरांना विचारणे.' चिठ्ठीवर दिवस नसले की मी पाकिटावर तो मारतो आणि तुम्हाला फोन लावून तारीख विचारतो. दोन-तीन डॉक्टर वैतागले, एकांनी दुसऱ्या दिवसापासून स्वतःच लिहायला सुरुवात केली. तुम्हाला दवाखान्यासाठी तसा हवा असेल तर कुठल्याही छापखान्यात सांगा, दीडशे रुपयांच्या आत होतो. शाईचं पॅड मात्र वेगळं घ्या. सोबत देतात ते आठवडाभरात वाळतं.

आपला,
स्टँडसमोरचा केमिस्ट